‘मनात असले की ऐकतो’: विशेष शिक्षकांच्या ऑनलाइन समस्याधारित प्रशिक्षणातील एक प्रकरण

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत फिरतीवर असलेल्या विशेष शिक्षकाच्या वाट्याला एक शाळा येत नाही, शाळांची यादी येते. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत तो पोचतो तेव्हा मुलाच्या आधी मुलाविषयीचे मत त्याच्यासमोर येते. कधी मुख्याध्यापकांचे, कधी वर्गशिक्षकांचे, कधी पूर्वीच्या विशेष शिक्षकाने रकान्यात लिहून ठेवलेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर १० आणि त्यापुढच्या स्तरावर दर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. पण प्रमाण मुलांच्या संख्येवर ठरते, आणि डोंगरातील दहा मुले दहा वाड्यांवर असतात हे त्यात दिसत नाही. भेट तुटपुंजी असली की मत तपासण्यापेक्षा ते स्वीकारून पुढच्या शाळेची वाट धरणे सोयीचे ठरते. प्रस्तुत प्रकरण अशाच एका मताभोवती रचलेल्या प्रशिक्षणाचे आहे. लेखक या गटात निरीक्षक म्हणून उपस्थित होता. चर्चा चालवण्याची जबाबदारी एका अनुभवी मार्गदर्शक बाईंकडे होती.

गट लहान होता. बहुतेक सहभागी वर्षानुवर्षे कराराने काम केलेले फिरते विशेष शिक्षक होते आणि दोघी जणी नाशिक शहरातील विशेष शाळांत शिकवणाऱ्या होत्या. ऑनलाइन प्रशिक्षणाचा सगळ्यांना पुरेसा अनुभव होता. ‘निष्ठा’ या राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे अभ्यासक्रम २०२० मध्ये ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर आले तेव्हापासून मोबाइलवरचे प्रशिक्षण अंगवळणी पडलेले आहे. शिवाय विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना निरंतर पुनर्वास शिक्षणाचे गुण दाखवावे लागत असल्यामुळे व्याख्यानांना हजेरीही चांगली लागते. हजेरी लागते म्हणजे नाव दिसते. कॅमेरा बंद, आवाज बंद आणि शेवटी गूगल फॉर्म, ही पद्धत शिक्षकांना आणि आयोजकांना सारखीच ठाऊक आहे.

समस्याधारित अध्ययनाची, म्हणजे आधी समस्या समोर ठेवून तिच्या शोधातून शिकण्याची, रीत वैद्यकीय शिक्षणातून आली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत १९६९ मध्ये ती सुरू झाली आणि नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाने तिला सात पायऱ्यांचे रूप दिले: संज्ञा स्पष्ट करणे, समस्या ठरवणे, शक्यता मांडणे, त्यांची जुळणी करणे, काय शिकायचे ते ठरवणे, स्वतः अभ्यास करणे आणि परत येऊन सांगणे. मार्गदर्शकांनी या पायऱ्यांचा फार बाऊ केला नाही. त्यांनी दोनच गोष्टी कटाक्षाने पाळल्या. एक म्हणजे समस्या एकदम द्यायची नाही. जो प्रश्न विचारला जाईल त्याचेच पान उघडायचे. दुसरी म्हणजे शेवटचे पान उघडेपर्यंत उपाय हा शब्दसुद्धा काढायचा नाही. सामाईक तक्त्यात ‘निरीक्षण’, ‘शक्यता’ आणि ‘काय पाहावे लागेल’ एवढेच रकाने होते.

पहिले पान असे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकणारा नऊ वर्षांचा मुलगा. सूचना दिली की शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहतो आणि मग काम सुरू करतो. फळ्यावरची बेरीज-वजाबाकी बरोबर सोडवतो, तोंडी उदाहरणाला गप्प बसतो. श्रुतलेखनाच्या तासाला अनेकदा वर्गाबाहेर निघून जातो. एकदा त्याने पाटी आपटली. वर्गशिक्षक सांगतात की तो हट्टी आहे, मनात असले की नीट ऐकतो. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘बौद्धिक अक्षमता (संशयित)’ अशी नोंद आहे. हा मुलगा कोणी एक नव्हता. निरनिराळ्या शाळांतील नोंदींतून, गाव आणि इयत्ता बदलून, तो तयार केलेला होता आणि हे सहभागींना आरंभीच सांगितले होते.

पहिल्या बैठकीत जे घडले ते अपेक्षितच होते. पाटी आपटणे हा एकच प्रसंग पानावर होता, पण चर्चेचा बहुतेक वेळ त्यानेच खाल्ला. चांगल्या वर्तनाला तारे द्यावेत, बाहेर जाण्याकडे दुर्लक्ष करावे, पालकांना बोलवावे, अशा सूचना येत राहिल्या आणि दर वेळी मार्गदर्शक शांतपणे विचारत, “हे कोणत्या रकान्यात लिहू?” सुरगाण्याकडच्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी शेवटी स्पष्टच सांगितले, “मॅडम, उत्तर काय आहे ते सांगा. आम्हाला उद्या शाळेत जायचं आहे.” ही तक्रार उडवून लावण्यासारखी नव्हती. दिवसभर फिरून आलेल्या माणसाने संध्याकाळी सात वाजता, रेंज मिळावी म्हणून घराबाहेरच्या ओट्यावर बसून, कोणीतरी मुद्दाम दडवून ठेवलेली माहिती का शोधत बसावे? मार्गदर्शकांनी यावर तत्त्वज्ञान सांगितले नाही. श्रुतलेखनाची वही पाहायची आहे का, एवढेच विचारले. वही मागितली गेली आणि दुसरे पान उघडले.

या प्रशिक्षणातील सर्वांत फलदायी भाग ही वही ठरली. मुलाने ‘वहीत’च्या जागी ‘वही’, ‘गावाला’च्या जागी ‘गावा’ आणि ‘झाडावर’च्या जागी ‘झाडा’ असे लिहिलेले होते. शब्दाचा आरंभ जवळपास प्रत्येक ठिकाणी बरोबर होता. शेवट मात्र गळालेला. पेठमधील एका शिक्षिकेने लगेच म्हटले की घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलली जात असणार, प्रमाण मराठीचे प्रत्यय मुलाला परके वाटत असणार. या पट्ट्यात शिकवणाऱ्या कोणालाही ही शक्यता आधी सुचेल आणि ती सुचायलाच हवी. मुलाच्या बोलीला बुद्धीची उणीव समजण्याची चूक इथे काही दुर्मीळ नाही. गट या उत्तरावर जवळजवळ स्थिरावला होता. तेवढ्यात शहरातील शाळेच्या बाईंनी विचारले, “त्याच वर्गातल्या, त्याच घरभाषेच्या दुसऱ्या मुलाची वही मिळेल का?”

ती वही तयार होतीच. तिच्यात चुका भरपूर होत्या, पण जोडाक्षरांच्या आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या. प्रत्यय जागेवर होते. भाषेची शक्यता यामुळे बाद झाली असे नाही. मात्र एकट्या भाषेने हे स्पष्टीकरण पुरे होत नव्हते. बौद्धिक अक्षमतेची शक्यताही हीच वही मागे सारत होती, कारण फळ्यावरून उतरवलेल्या मजकुरात हाच मुलगा प्रत्यय गाळत नव्हता. पाहून लिहिताना येणारी गोष्ट ऐकून लिहिताना हरवत होती. मराठीत बोलताना शब्दाच्या शेवटी येणारे प्रत्यय सहसा हलक्या आवाजात, आघाताविना उच्चारले जातात, आणि ज्याला थोडेसे कमी ऐकू येते त्याच्या हातून सर्वांत आधी तेच निसटतात. ‘श्रवण’ हा शब्द तक्त्यात इथे प्रथमच आला. कोणी सांगितल्यामुळे तो आलेला नव्हता, आणि त्यामुळे पुढच्या बैठकांत तो टिकला.

अर्थात शंका लगेच पुढे आली: ऐकू येत नसेल तर ‘मनात असले की ऐकतो’ हे कसे? या प्रश्नावर मार्गदर्शकांनी बैठक संपवली. हा निर्णय लेखकाला फार योग्य वाटला. ऑनलाइन बैठकीची खरी ताकद बैठकीत नसते, दोन बैठकांमधल्या दिवसांत असते. प्रत्यक्ष शिबिराला आलेला शिक्षक शाळेपासून तोडला जातो. हा गट मात्र दुसऱ्या दिवशी शाळांत होता, आणि डोक्यात प्रश्न घेऊन होता. व्हॉट्सॲप गटावर निरीक्षणे येऊ लागली. मुलांची छायाचित्रे आणि नावे टाकायची नाहीत, असा नियम होता आणि तो पाळला गेला. एकाने लिहिले की त्याच्या शाळेत पत्र्यावर पाऊस पडू लागला की त्यालाच वर्गातले ऐकू येत नाही. दुसरीने लिहिले की एकाच खोलीत पहिलीचे पाढे आणि तिसरीचे वाचन एकाच वेळी चालते. ज्येष्ठ शिक्षकांनी एकच ओळ टाकली: पावसाळ्यात कान वाहणारी मुले मोजायला लागलो आहे.

त्या ओळीने तिसरे पान उघडले. ते घरभेटीचे होते. आई-वडील छाटणीपासून खुड्यापर्यंत दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला, मुलगा आजीजवळ. आजीच्या सांगण्यानुसार मुलाचा कान लहानपणापासून फुटतो, पावसाळ्यात जास्त, आणि ती त्यात कोमट तेल घालते. शाळेत हे कोणी विचारले नव्हते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक शाळेत वर्षातून एकदा येते. ते उन्हाळ्याच्या तोंडावर आले आणि कान त्या दिवशी कोरडा असला, तर पथकाच्या कागदावर काही उमटणार नाही, त्यात पथकाचा दोषही नाही.

मध्यकर्णाच्या दुखण्याचे वैशिष्ट्यच हे आहे की ऐकू येणे कमी-जास्त होत राहते. पडद्यामागे पाणी साचले की साधारण २५ ते ३० डेसिबलचा फरक पडतो. पडद्याला छिद्र पडून पू वाहू लागला तर त्याहून अधिक. सर्दी ओसरली, कान सुकला, वर्ग शांत असला आणि शिक्षक समोर उभे असले की मूल बरेच ऐकते. त्याच मुलाला पुढच्या आठवड्यात, पत्र्यावर पाऊस कोसळत असताना आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत असताना, आवाज कळतो पण शब्द कळत नाही. मुलांना बोलणे नीट उमगण्यासाठी शिक्षकाचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबलने वर असावा, असे श्रवणतज्ज्ञ मानतात; द्विशिक्षकी शाळेच्या पावसाळी वर्गात हे जमणे कठीण. वर्गशिक्षकांचे निरीक्षण खोटे नव्हतेच. मूल कधी ऐकते आणि कधी ऐकत नाही हे त्यांनी बरोबर टिपले होते, फक्त त्याचे कारण मुलाच्या मनात शोधले होते. बाहेर जाण्याचेही कोडे यातून सुटले. प्रत्येक प्रसंगाच्या आधी काय घडले, वर्तन काय आणि त्यातून मुलाला काय मिळाले हे मांडून पाहिल्यावर दिसले की तो श्रुतलेखनातून सुटका करून घेत होता. ताऱ्यांची योजना आधी लागू झाली असती तर न ऐकू येणाऱ्या तासाला बसून राहिल्याबद्दल त्याला बक्षीस मिळाले असते.

इथवर प्रशिक्षण सरस चालले होते. पुढचा भाग तितका जमला नाही आणि या प्रकरणाचा विचार त्यामुळेच करावासा वाटतो.

श्रवणाची प्राथमिक पडताळणी शिक्षकाला कशी करता येईल, हे चौथ्या बैठकीत शिकायचे होते. म, उ, आ, ई, श, स या सहा ध्वनींची चाचणी त्यासाठी निवडली होती. बोलण्यातील खालच्या कंप्रतेपासून वरच्या कंप्रतेपर्यंतचा पट्टा हे सहा ध्वनी व्यापतात, उपकरण काही लागत नाही. मार्गदर्शकांनी तोंडासमोर कागद धरून ध्वनी एकेक करून उच्चारले आणि सहभागींनी ऐकू आला की हात वर करायचा होता. ‘म’ला सगळ्यांचे हात वर गेले, ‘आ’ला गेले. ‘श’ला काहींचे गेले. ‘स’ला पडद्यावर एकही हात हलला नाही. मार्गदर्शकांनी पुन्हा, लांबवून उच्चारला, तरी शांतता.

कारण तांत्रिक होते. ‘स’ची बहुतेक ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. जुन्या दूरध्वनीची वाहिनी ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतच आवाज नेत असे. आजची व्हिडिओ बैठकीची साधने त्याहून पुष्कळ पुढे गेलेली आहेत, पण त्यांत गोंगाट गाळण्याची सोय असते, आणि एकसुरी लांबवलेला ‘स्स्स’ त्या सोयीला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो. साधनाने तो इमानेइतबारे गाळून टाकला. ज्येष्ठ शिक्षकांची यावरची टिप्पणी मार्मिक होती: “म्हणजे आज आपण सगळेच त्या पोराच्या जागी.” हे थोडेसेच खरे आहे, कारण मध्यकर्णाच्या दोषात एखादाच ध्वनी नव्हे तर सगळाच आवाज मंदावतो, पण गटाच्या मनात ते बसले.

मार्गदर्शकांनी चाचणीचे टिपण पाठवले आणि सराव करून चित्रफिती पाठवायला सांगितल्या. आलेल्या चित्रफिती पाहता लेखी सूचनेतून काय पोचत नाही ते कळते. एका शिक्षिकेने हजेरीपट तोंडाला चिकटवूनच धरला होता, त्यामुळे आवाजच बदलत होता. एकजण मुलाच्या इतका पाठीशी उभा होता की ‘श’ म्हणताना श्वास मुलाच्या मानेवर जात असणार. ऐकू आल्याची खूण म्हणून टाकायचा मणी मूल कदाचित ऐकून नव्हे, स्पर्शाने टाकत होते. कोणी ठराविक अंतराने ध्वनी देत होते आणि मूल त्या तालावरच हात वर करत होते. सगळ्यांत मोठी चूक अर्थ लावण्यात होती. शांत खोलीत, हातभर अंतरावरून सहाही ध्वनी ओळखले म्हणून दोघांनी ‘श्रवण सामान्य’ असे लिहून टाकले. तीसेक डेसिबलचा दोष असलेले मूल एवढ्या जवळून सहाही ध्वनी सहज ओळखू शकते. अंतर वाढवून, नेहमीपेक्षा हलक्या आवाजात पुन्हा पाहावे लागते, आणि तरीही ही चाचणी म्हणजे श्रवणमापन नव्हे. ती मुलाला तज्ज्ञाकडे पाठवण्याचे कारण देऊ शकते. न पाठवण्याचे कारण कधीच देऊ शकत नाही.

समस्याधारित पद्धतीवरील जुना आक्षेप इथे आठवतो. पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये असे मांडले होते की नवख्या शिकणाऱ्याला कमी मार्गदर्शनात सोडले तर शिकणे होत नाही, थकवा मात्र येतो. पद्धतीचे समर्थक यावर म्हणाले की चांगल्या समस्याधारित वर्गात मार्गदर्शन भरपूर असते, ते फक्त वेगळ्या जागी असते. या गटात दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या असे लेखकाचे मत आहे, पण वेगवेगळ्या कामांसाठी. दुसऱ्या मुलाची वही मागणे हे तर्काचे काम होते, आणि वर्षानुवर्षे वर्गात वावरलेले हे शिक्षक त्या कामात नवखे नव्हते. त्यांना उत्तर सांगून टाकले असते तर ती वही कोणी मागितली नसती. तोंडासमोर कागद किती अंतरावर धरायचा हे मात्र हाताचे काम आहे. त्यात बहुतेक जण नवखे होते आणि तिथे शोधायला लावण्यात काही हशील नव्हते. ते कोणीतरी शेजारी उभे राहून, हात धरून दाखवायला हवे होते, आणि नेमके तेच पडद्यावरून होत नाही.

शेवटचे पान तज्ज्ञांच्या अहवालाचे होते. उजव्या कानात ३५ आणि डाव्या कानात ४५ डेसिबलचा दोष, तोही मध्यकर्णाचा. शब्दांवर न विसंबणाऱ्या बुद्धिमापनात मुलगा सर्वसाधारण. उपाय लिहायची मुभा आता मिळाली आणि ते पटापट सुचले: कान कोरडा ठेवणे, तेल बंद, औषध फक्त कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या सल्ल्याने, वर्गात उजवा कान शिक्षकांकडे येईल अशी पुढची जागा, फळ्यावर लिहिताना न बोलणे, चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहणे, श्रुतलेखनाचे वाक्य आधी एकदा दाखवणे. यांतल्या वर्गातल्या कोणत्याही गोष्टीला पैसा लागत नाही.

खरा वाद पेटला तो नोंदीवरून. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या अनुसूचीत दोन्ही कानांत बोलण्याच्या कंप्रतांवर ६० ते ७० डेसिबल दोष असेल तर ‘ऐकण्यास कठीण’ आणि ७० डेसिबल असेल तर ‘कर्णबधिर’ अशी व्याख्या आहे. हा मुलगा कुठेच बसत नव्हता. बौद्धिक अक्षमतेची चुकीची नोंद काढायची तर तो यादीतून बाहेर पडतो, आणि यादीतून बाहेर पडला तर विशेष शिक्षकाची भेट कोणत्या आधारावर द्यायची? एका शिक्षकाने मनातले बोलून दाखवले, की नोंद चुकीची असली तरी तिच्यामुळे निदान कोणीतरी मुलाकडे जाते. शहरातल्या बाईंना हे मुळीच पटले नाही. त्या नोंदीमुळेच वर्गशिक्षकांनी श्रुतलेखनाची अपेक्षा सोडून दिली होती, हे त्यांनी दाखवून दिले. लेखकाचा कौल त्यांच्या बाजूने आहे. चुकीचा शेरा मुलाबरोबर पुढच्या शाळेत जातो आणि तिथे त्याच्याकडून कमीच मागितले जाते. भेटीची सोय मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांशी बोलून, संशयित श्रवणदोष आणि उपचार सुरू अशा टिपणावर करता येते. अर्थात ही सोय त्या दोघांच्या मर्जीवर उभी आहे, हा शिक्षकाचा मुद्दा त्यामुळे खोडला जात नाही.

पुढच्या तुकडीसाठी मार्गदर्शकांनी आखणीत एक बदल केला आहे. समस्येची पाने आणि चर्चा ऑनलाइनच राहतील, दोन बैठकांमधले अंतर थोडे वाढेल. सहा ध्वनींची चाचणी आणि श्रवणयंत्र हाताळणे यांसाठी मात्र एक दिवस गट साधन केंद्रात समोरासमोर सराव होईल. पावसाळ्यात पेठहून त्या दिवशी सगळे पोचतील का, यावर तारीख ठरवताना बराच खल झाला आणि शेवटी दिवाळीनंतरचा दिवस घेतला गेला. कोरड्या हंगामात वाहणारा कान पाहायला मिळणार नाही, ही त्याची अडचण मान्य करूनच.

सुरगाण्याच्या ज्येष्ठ शिक्षकांनी दरम्यान स्वतःच्या यादीतील बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यातली मुले पुन्हा पाहिली. त्यांतील एका मुलीच्या श्रुतलेखनात शब्दांचे शेवट गळत होते, कान वाहत असल्याचे आईने सांगितले. ग्रामीण रुग्णालयातून तिला जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात पाठवण्याची चिठ्ठी मिळाली आहे. श्रवणमापनासाठी पालकांपैकी कोणीतरी सोबत हवे आणि दोघेही निफाडला बागेत आहेत. मुकादमाशी बोलून वडिलांना एका दिवसाची सुट्टी मिळवण्याचे काम सध्या चालू आहे.